रॉकेल, कडुलिंबाचं तेल आणि वाळवी

‘चौकटीवर रॉकेल किंवा कडुलिंबाचं तेल मारा, वाळवी जाते’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. तो अपुरा आहे. फवारलं की समोरच्या कामकरी वाळव्या मरतात, त्यांनी ये-जा करायला बांधलेली मातीची नळी सुकते, आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण आपल्याकडे घरात शिरणाऱ्या बहुतेक वाळवीचं वारूळ जमिनीत असतं. राणी तिथे अंडी घालत राहते, आणि काही आठवड्यांत शेजारच्या फटीतून नवी नळी वर येते. रॉकेल तर मारूच नका, लाकूड आगीला आमंत्रण देतं.

घरगुती उपायांत खरा उपयोग बोरॅक्स (टाकणखार) आणि बोरिक ॲसिडचा. १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा, हातमोजे घालून कोऱ्या लाकडाला ब्रशने दोन-तीन हात द्या. रंग किंवा पॉलिश आधी घासून काढा, नाहीतर द्रावण आत मुरतच नाही. सततच्या ओलीत ते धुऊन जातं. पोरांच्या हाती लागू देऊ नका.

नळी मोडून दोन-चार दिवसांनी पाहा. पुन्हा बांधली असेल, तर वारूळ जिवंत आहे. मग भिंत-फरशीच्या सांध्यात दर ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडून वाळवीचं औषध जमिनीत उतरवावं लागतं, तेही परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून. त्याआधी गळका नळ दुरुस्त करा, ओल वाळवीला बोलावते.