बाळ वर्षाचं होताना आई-बाबांनी गाठायचे टप्पे

नऊ-दहा महिन्यांचं बाळ असलेल्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते: "आधी वाटीभर खायची, हल्ली तोंडच उघडत नाही." मग मोबाइल दाखवून, खिडकीतली चिऊ-काऊ दाखवून, कडेवर घेऊन सोसायटीच्या फेऱ्या मारत भरवणं सुरू होतं. यातल्या बहुतेक बाळांना काहीही झालेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची जी मानकं प्रसिद्ध केली, त्यासाठी दिल्लीतल्या बाळांचीही मोजमापं घेतली होती. त्या मानकांनुसार मुलीचं मध्यम वजन जन्मतः ३.२ किलो, तिसऱ्या महिन्याला ५.८, सहाव्याला ७.३, नवव्याला ८.२ आणि वर्षाला ८.९ किलो असतं. पहिल्या तीन महिन्यांत २.६ किलोची वाढ आणि शेवटच्या तीन महिन्यांत जेमतेम ७०० ग्रॅमची, म्हणजे दिवसाला आठ ग्रॅम. वेग उतरला की भूकही त्याच बेताने उतरते.

बसतं का, रांगतं का, दात किती आले, याचे तक्ते घरोघरी असतात. आई-बाबांच्या टप्प्यांचा तक्ता मात्र कुणी देत नाही. खरं तर बाळाचं प्रत्येक नवं कौशल्य घरातल्या मोठ्यांना एक काम लावून देतं, आणि ते काम कौशल्य येण्याच्या आठवडाभर आधी उरकलेलं बरं.

पहिलं काम चमच्यावरचा हक्क सोडण्याचं. काय द्यायचं आणि कधी द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते बाळाने. मान फिरवली, ओठ मिटले की वाटी बाजूला. तासाभराने पुन्हा विचारायला हरकत नाही, पण तोंड दाबून घास कोंबू नये. नऊ ते अकरा महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय साधारण ३०० कॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्या लागतात. २५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये वाटलं तर एखादं फळ, एवढ्यात हे जमतं. अट एकच: अन्न घट्ट हवं. चमचा तिरका केल्यावर ओघळून पडणारी पेज किंवा वरणावरचं नितळ पाणी म्हणजे पोट भरणारं पाणी. "डाळीचं पाणी ताकदीचं" हा समज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, पण डाळीची ताकद खाली बसलेल्या डाळीत असते. मऊ शिजवलेली मुगाची खिचडी, वर चमचाभर साजूक तूप, वरणात कुस्करलेली भाकरी, पूर्ण शिजलेलं अंडं, चिमटीत सहज चिरडेल इतका उकडलेला भोपळा किंवा गाजर, हे सगळं चालतं. मीठ, साखर, गूळ नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, घुटीत उगाळूनही नाही. त्यात बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात.

मिक्सरही आता कपाटात जायला हवा. दहाव्या महिन्यानंतरही गुळगुळीत पेस्टच मिळत राहिली तर जीभ आणि हिरड्या घास फिरवायला शिकत नाहीत, आणि तेच मूल पुढे दोन वर्षांचं झाल्यावर पोळीचा तुकडा थुंकतं. दात नसले तरी अडत नाही, हिरड्या पुरेशा टणक असतात.

इथेच घरात भीती शिरते, कारण गोळीदार अन्न घशाशी गेलं की बाळ उमासा काढतं. उमासा आणि गुदमरणं यांत फरक आहे. उमाशात आवाज असतो: खोकला, लाल चेहरा, डोळ्यांत पाणी. मोठ्यांच्या तुलनेत बाळाच्या जिभेवर उमाशाची जागा बरीच पुढे असते, म्हणून ते उठसूट उमासे काढतं. हा बचावच आहे. अशा वेळी तोंडात बोट घालायचं नाही. गुदमरलेलं बाळ मात्र गप्प होतं. रडू फुटत नाही, खोकला येत नाही, ओठ निळसर होतात. बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा हाताने धरलेला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या बुडाने जोरात पाच फटके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दोन बोटांनी किंवा तळव्याच्या बुडाने पाच दाब. पुन्हा फटके, पुन्हा दाब. दिसतोय तो तुकडाच काढायचा. न दिसणारा बोटाने चाचपडलात तर आणखी आत जातो. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा. बाळ निपचित पडलं तर ३० दाब आणि दोन श्वास हे चक्र सुरू करायचं. हे सगळं उशीवर किंवा बाहुलीवर दोनदा करून बघा, घरातल्या आजी-आजोबांनाही करायला लावा. दुपारी बाळ बहुतेक त्यांच्याकडेच असतं.

नाशिककरांसाठी इथे द्राक्षाचा वेगळा विचार करावा लागतो. जानेवारी ते एप्रिल घरात पेटी येतेच, आणि कुणीतरी कौतुकाने बाळाच्या हातात मणी ठेवतंच. निर्यातीच्या मालातला मणी १६-१८ मिलिमीटर जाडीचा असतो. वर्षाच्या बाळाची श्वासनलिका असते पाच-सहा मिलिमीटरची. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि दबणारं, त्यामुळे ते नळीच्या तोंडाशी बुचासारखं घट्ट बसतं आणि हवेला बाजूने फटही राहत नाही. म्हणून मणी आडवा कापून उपयोग नाही. आडव्या कापाची चकती गोलच राहते. देठाकडून खाली उभे दोन काप, लांबट चार फाका, बिया असतील तर काढून. सोनाका जातीचं द्राक्ष लांब असतं म्हणून ते सुरक्षित असं नाही, जाडी महत्त्वाची. चार-पाच वर्षांपर्यंत हाच नियम ठेवावा.

शेंगदाण्याची गोष्ट निराळी. तो श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकण्याऐवजी खाली फुप्फुसाच्या फांदीत जाऊन बसतो, बहुतेकदा उजवीकडे. त्याच्या तेलाने आतून सूज येते, एक्स-रेत दाणा दिसत नाही, आणि "आठवडाभर खोकला हटत नाही" म्हणून बाळाला औषधं चालू राहतात. अचानक ठसका लागून मग सुरू झालेला खोकला असेल तर डॉक्टरांना तो ठसका आवर्जून सांगा. दाण्याचं बारीक कूट किंवा पातळ केलेलं पीनट बटर मात्र सहा महिन्यांनंतर जरूर द्यावं. ब्रिटनमधल्या ६४० बाळांवरच्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, लवकर शेंगदाणा दिलेल्या मुलांत त्याची अॅलर्जी कितीतरी कमी आढळली. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर आधी विचारून.

आता पहिल्या संक्रांतीचं बोरन्हाण आठवा. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ पाटावर, आणि डोक्यावरून बोरं, हरभरे, शेंगदाणे, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या. नऊ महिन्यांच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमायला लागते, म्हणजे जमिनीवरचा हरभरा उचलून तोंडात घालायचं कौशल्य नेमकं याच दिवसांत ताजं असतं. शिवाय भोवती मोठी पोरं गोळा करायला झेपावतात, त्या गोंधळात बाळाच्या मुठीत काय गेलं ते दिसत नाही. बोरन्हाण जरूर करा, पण वर्षाच्या आतल्या बाळावर चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता. बोरं-हरभरे पोरांसाठी वेगळ्या ताटात. संपल्यावर बाळ खाली सोडण्याआधी गुडघ्यावर बसून जमीन पाहा, सोफ्याखालीसुद्धा. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावेल ती वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला नको. घरी अंगठा आणि तर्जनीचा गोल करून मापाला घ्या. गोल चपटे बटण-सेल सगळ्यांत वाईट. अन्ननलिकेत अडकलेला २० मिलिमीटरचा लिथियम सेल ओल्या ऊतींतून वीज वाहवतो, तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांत भाजल्यासारखी जखम होते. रिमोट, वजनकाटा, दिव्याच्या माळा यांच्या झाकणाला स्क्रू आहे का ते आजच पाहा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय.

यानंतर पाळण्याचा निरोप. बाळ धरून उभं राहू लागलं की झोळी आणि टांगता पाळणा दोन्ही बंद करायचे, कारण काठ धरून उभं राहिलेल्या बाळाचं वजन डोक्याकडे जास्त असतं आणि ते उलटतं. त्याच कारणाने न्हाणीघरातली भरलेली बादली धोक्याची. बाळ वाकून बघतं, डोक्याने आत जातं, आणि बाहेर यायचं बळ हातात नसतं. त्याला फूटभर पाणीही लागत नाही, चार बोटं पुरतात. नाशिकच्या थंडीत बादलीत हीटरची कांडी टाकून दार उघडं ठेवायची सवय असेल तर ती याच महिन्यात मोडा. गादी जमिनीवर घ्या. चहाचा कप हातात धरून बाळाला मांडीवर घेऊ नका.

वॉकरबद्दल एकच सांगणं: घेऊ नका, भेट आला तर परत करा. चाकांच्या कड्यात बसवलेलं बाळ बोटांच्या टोकांवर ढकलतं, स्वतःचा तोल शिकत नाही, आणि जिन्याशी किंवा शेगडीशी कुणी पोचण्याआधी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा यापेक्षा शहाणा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं; फक्त तो जड आणि संथ हवा. चालण्याची घाई नको. आधाराशिवाय चालणं ८ ते १७ महिन्यांत कधीही येऊ शकतं, आणि काही बाळं रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकत थेट उभी राहतात. अठराव्या महिन्यापर्यंत चालत नसेल तर दाखवावं.

वस्तू नजरेआड झाली तरी ती असतेच, हे समजण्याचेही हेच दिवस. एक वाटी दोनदा डाव्या रुमालाखाली लपवा, मग बाळासमोरच उजव्याखाली. दहा महिन्यांचं बाळ बहुधा पुन्हा डावीकडेच शोधतं. आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे हे कळलं, पण कुठे आणि कधी येईल हे कळत नाही, या अर्धवट ज्ञानातून दारातला आकांत येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने कामाला जाणाऱ्यांना घरातून हमखास सल्ला मिळतो, "लपून जा, म्हणजे रडणार नाही." रडणं त्या दिवशी वाचतं आणि चिकटणं वाढतं, कारण आई कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते हे बाळ शिकतं. रोज तेच दोन शब्द, तोच टाटा, आणि मागे न वळता निघणं. रात्री उठून उभं राहून हाक मारणं याच काळात वाढतं. २४ तासांत १२ ते १६ तास झोप होत असेल तर काळजी नसावी.

बोलण्याच्या आधी बोट येतं. वर्षाच्या सुमाराला बाळ पंख्याकडे बोट दाखवून तुमच्याकडे बघतं, तेव्हा "पंखा! फिरतोय पंखा" म्हणायचं, बस्स. बारा महिन्यांनाही नावाला वळत नसेल, बोट-टाटा-टाळ्या काहीच नसेल, बडबड नसेल, किंवा येत असलेलं गेलं असेल, तर "मुलं उशिरा बोलतात" म्हणत थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही दाखवता येतं.

लसीकरणाच्या कार्डावरची नोंद: नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि 'अ' जीवनसत्त्व. गोवराची लस तेव्हाच, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा अडथळा तोवर ओसरलेला असतो. लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर. शी काळी होते, घाबरू नका. वजन कार्डावरची रेघ ओलांडून खाली घसरत असेल, किंवा वर्षाच्या मुलीचं सात किलोंच्या आत असेल, तर मात्र वर सांगितलेला निवांतपणा लागू नाही. जावळासाठी वणीच्या गडावर जाणार असाल तर नवं पातं समोर उघडायला लावा, टाळूवरचा मऊ भाग अजून भरलेला नसतो हे न्हाव्याला आठवण करून द्या, आणि घाटात बाळ पुढच्या सीटवर मांडीत नको. जावळाने केस दाट होत नाहीत, ते मुळावर ठरतं. वाढदिवसाला फुगे लावायचेत तर फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. श्वासनलिकेवर चिकटणारा रबराचा पापुद्रा फटक्यांनीही सहज निघत नाही.

बारा महिन्यांनंतर गाईचं दूध चालेल, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. जास्त दुधाने जेवणाची भूक मरते, दुधात लोह जवळपास नसतं, आणि वर्षाच्या आत दिल्यास आतड्यातून नकळत रक्तही झिरपतं.

आणि आईचं काय? बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या दोन महिन्यांतच येतं असं नाही. वर्षभरात कधीही येऊ शकतं, वडिलांनाही. दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. दुसरी गोष्ट, पाळी आली नाही म्हणून दिवस राहणार नाहीत हे गृहीत धरू नका. अंगावर पाजण्याचं संरक्षण पहिले सहा महिने, तेही फक्त अंगावरच दूध चालू असेल तरच. पुढे बीज पाळी येण्याआधीच सुटू शकतं. पुढच्या गर्भधारणेत किमान २४ महिन्यांचं अंतर असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि हे विचारायला वेगळी खेप लागत नाही. बाळाच्या लसीला जाल तेव्हा त्याच केंद्रात विचारा.