भट्टीआधीची धूळ

पॉटरी स्टुडिओत सगळ्यांचं लक्ष भट्टीकडे असतं, आणि ते साहजिकच आहे. आत तापमान १२०० अंशांच्या वर गेलेलं असताना तिच्याजवळ कोणी हलगर्जीपणा करत नाही. खरी बेफिकिरी दिसते ती दोन दिवस आधी. पंखा गरागरा फिरतोय, ग्लेझसाठी बादलीत पांढऱ्या पावडरी पडताहेत, तोंडाला फार तर ओढणी. पुण्यात गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या शेडमध्ये चाक मांडून बसणारे हौशी लोक आता बरेच आहेत. भट्टीइतकाच या बादलीचाही धाक त्यांनी बाळगायला हवा.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेला काचेचा थर. काच होते सिलिकाची, पण नुसती सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं आणि तोवर भांडंच बसेल. म्हणून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशी मंडळी मदतीला घेतात. त्यांच्यामुळे मिश्रण बरंच आधी वितळतं. यांना फ्लक्स म्हणतात. मग ही पातळ काच ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटू नये म्हणून अ‍ॅल्युमिना लागते, ती चायना क्ले या पांढऱ्या मातीतून मिळते. फेल्डस्पार या खनिजात तर सिलिका, फ्लक्स, अ‍ॅल्युमिना या तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या असतात, म्हणून बहुतेक कृतींची सुरुवात त्याच्यापासूनच होते.

कुंभारकामात ४-३-२-१ अशी एक जुनी कृती आहे : फेल्डस्पार ४० टक्के, क्वार्ट्झ (म्हणजे सिलिकाच) ३०, व्हायटिंग २० आणि चायना क्ले १०. किलोभर ग्लेझला अनुक्रमे ४००, ३००, २०० आणि १०० ग्रॅम. १२८० ते १३०० अंशांना याची स्वच्छ पारदर्शक काच होते. त्यात एक टक्का आयर्न ऑक्साइड घालून भट्टीत हवा कमी ठेवली, तर फिकट हिरवट सेलाडॉन मिळतं. तेच प्रमाण आठ-दहा टक्क्यांवर नेलं की काळं-तपकिरी तेनमोकू. व्हायटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तापल्यावर त्याचं ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं, म्हणजे २०० ग्रॅममधले ८८ ग्रॅम हवेत. हा वायू निघायच्या आत ग्लेझ वितळून बंद झालं, तर बुडबुडे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. सावकाश भाजण्याचं एक कारण हे.

पुणेकरांना एक ग्लेझ तर दाराशीच पडलेलं आहे. वाघोलीच्या खाणींतला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. निम्मी सिलिका, बाकी लोह, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिना वगैरे. मुळात वितळलेला लाव्हाच तो, भट्टीत पुन्हा वितळायला फारसे आढेवेढे घेत नाही. क्रशरची भुकटी बारीक चाळून स्टोनवेअरच्या, म्हणजे १२०० अंशांच्या वरच्या, तापमानाला भाजली की काळपट तपकिरी रंग येतो. मात्र आधी छोट्या टाइलवर चाचणी घ्या, टाइलखाली जुन्या शेल्फचा तुकडा ठेवून.

आता धुळीचं. क्वार्ट्झचे डोळ्यांना न दिसणारे कण, चार-पाच मायक्रॉनचे, फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. तिथल्या संरक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत, मरतात, आणि त्या जागी व्रण धरत जातो. हा सिलिकोसिस. झालेलं नुकसान भरून येत नाही. असे कण हवेत तासन्‌तास तरंगतात, त्यामुळे पावडर ओतणारा निघून गेला तरी पुढचा माणूस तीच हवा घेतो. म्हणून चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, पंखा बंद, आणि आधी पाणी, मग त्यात पावडर, असा क्रम. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. एकदा ओलं झालं की निम्मं काम झालं. मग ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून गाळा, आणि १०० मिलिलिटर मिश्रण वजनाला साधारण १४५ ग्रॅम भरलं तर दाटपणा बुडवायला ठीक आहे असं समजा.

रंगांपैकी तांबं जास्त झालं तर ते काचेत पूर्ण सामावत नाही आणि आंबट पदार्थात उतरतं. ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा; सकाळी खाली डाग किंवा रंगात फरक दिसला तर त्या वाडग्यात सोलकढी नको आणि त्या बरणीत लोणचंही नको. डाग नाही म्हणजे सगळं निर्धोक, असंही नाही. शिशाचा तर या चाचणीत पत्ताच लागत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. माझ्या मते घरच्या स्टुडिओत शिशाचं ग्लेझ आणूच नये.

भट्टीबाबत पुण्याचा पावसाळा हा स्वतंत्र विषय आहे. जुलैत भांडं कोरडं दिसतं, पण गालाला लावलं की गार लागतं, म्हणजे आत पाणी आहे. त्या पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे-सतराशे पटींनी वाढतं आणि भांडं फुटतं, शेजारच्यांनाही घेऊन जातं. ८०-९० अंशांवर काही तास थांबणं, हाच उपाय.

विजेचा हिशेब साधा आहे. ८ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर जवळपास ३५ अँपिअर ओढते. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा. एक्स्टेंशन बोर्डाचा विचारही नको, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन घ्या. गॅसची भट्टी तळघरातल्या पार्किंगमध्ये नकोच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही. मातीतला सेंद्रिय अंश आणि मेण जळताना तो विजेच्या भट्टीतूनही निघतो, तेव्हा खिडक्या उघड्या आणि भट्टीच्या खोलीत झोपणं बंद. भोकातून आत डोकावताना वेल्डिंगचा चष्मा लावा. इन्फ्रारेड किरणांनी वर्षानुवर्षं डोळा तापत राहिला की मोतीबिंदू होतो आणि गॉगल ते किरण अडवतीलच असं नाही.

ब्रश आणि चाळण्या धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका. बादलीत राहू द्या, गाळ बसला की वरचं पाणी पुढच्या धुण्याला वापरा. साठलेला गाळ एखाद्या बिस्क केलेल्या, म्हणजे ग्लेझ न लावता एकदा भाजलेल्या, जाड वाडग्यात घालून, पूर्ण वाळवून, भट्टीत भाजला की त्याचा काचेचा गोळा होतो. धूळ उडत नाही आणि टाकणंही सोपं जातं.