कोयता आणि काती : गोव्यातील हातघडणीची पाती

गावच्या लोहाराने भट्टीत तापवून आणि ऐरणीवर ठोकून घडवलेली कापण्याची हत्यारे. गोव्यात त्यांत पहिला मान कोयत्याचा (कोकणीत कोयतो). त्यामागोमाग लहान आकाराची कोयती, माडाची सूर (ताडीसारखा रस) काढणाऱ्या रेंदेराची काती, भातकापणीचा विळा आणि स्वयंपाकघरातली आदोळी (विळी) येतात. चाकू म्हटले की शहरी माणसाला मुठीतले सरळ पाते आठवते. गोव्याच्या भाटांत (माडांच्या बागांत), कुळागरांत (सुपारीच्या बागांत) आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात मात्र चाकूची बहुतेक कामे कोयताच उरकतो, आणि कुऱ्हाडीचीही निम्मी.

मराठीत ‘कोयता’ म्हणून एकच वस्तू ओळखली जात नाही. घाटावरचा ऊसतोडीचा कोयता वेगळा. तिथे तर मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, इतका तो शब्द माणसांना चिकटला आहे. शहरांतल्या गुन्ह्यांच्या बातम्यांनी या शब्दाला जी बदनामी आणली, तिच्याशी गोव्यातल्या बागायतदाराच्या कोयत्याचा काही संबंध नाही. या कोयत्याचे पाते मुठीपासून जवळजवळ सरळ निघते आणि टोकाशी पक्ष्याच्या चोचीसारखे पुढे वळते. वळणाच्या आतल्या बाजूला धार, बाहेरच्या बाजूला जाड पाठ. हे वळण शोभेचे नव्हे. त्याने फांदी जवळ ओढता येते, घाव निसटत नाही आणि झुडूप तळाशी तोडताना धार थेट दगडावर आपटण्याची शक्यता कमी होते. वजन पुढच्या बाजूला असल्याने हात फक्त दिशा देतो, तोडतो तो कोयत्याचा भार. कारखान्यात पत्रा कापून केलेल्या स्वस्त कोयत्यांत नेमका हा तोल हरवलेला असतो. पाते सगळीकडे सारख्याच जाडीचे, त्यामुळे तासाभरात मनगट बोलू लागते.

माणूस झाडावर चढणार असेल तर कोयता हातात धरून चालत नाही. कमरेच्या दोरीला पाठीमागे आकडी अडकवलेली असते आणि कोयता तिच्यात लटकतो. कष्टी (लंगोटी) नेसलेला, पाठीशी कोयता असलेला कुणबी किंवा गावडा ही गोव्याची जुनी ओळखीची आकृती आहे. गंमत म्हणजे अर्जेंटिनाच्या कुरणांवरचे गुराखी, म्हणजे गाउचो, आपला लांब ‘फाकोन’ सुरा असाच कमरपट्ट्यात पाठीमागे खोवत. दोघांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. दोन्ही हात मोकळे हवेत आणि वाकताना पाते पोटात घुसू नये, ही गरज मात्र दोन्हीकडे सारखीच.

घडण : आज कोयत्याचे लोखंड बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांतून येते. या पट्ट्या स्प्रिंगच्या पोलादाच्या असतात. त्यांत कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. बांधकामाच्या साध्या मऊ लोखंडात कार्बन ०.२५ टक्क्यांहून कमी असतो. ते कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी धार धरण्याइतके कठीण होत नाही. बाजारात चकचकीत दिसणारा आणि आठवड्यात बोथट होणारा कोयता अनेकदा याच जातीचा असतो.

भट्टीला पूर्वी हाताने ओढायचा भाता असे, आता बहुतेक ठिकाणी विजेचा पंखा आहे. पट्टी लालबुंद झाली की सांडशीत धरून ऐरणीवर येते. एक जण घण मारतो आणि मेस्त (कारागिराला गोव्यात असेच हाकारतात, हा शब्द पोर्तुगीजांकडून आला) लहान हातोड्याने घाव कुठे पडायचा ते दाखवतो. आधी चोच वाकवतात, मग धारेची बाजू पातळ करत नेतात. मागचा निमुळता भाग तापवून लाकडी मुठीत ठोकतात, आणि मूठ फाटू नये म्हणून तिच्या तोंडाशी लोखंडी कडी बसवतात.

खरी परीक्षा ‘पाणी देण्या’ची, म्हणजे तापवून विझवून धार कठीण करण्याची. हे काम उन्हात करत नाहीत, कारण उजेडात लोखंडाचा रंग फसवतो. छपराखालच्या अंधारात पाते चेरीसारखे लाल दिसले, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचले, की ते बाहेर काढतात. ज्याला खात्री हवी तो चुंबक लावून पाहतो : ७७० अंशांच्या वर लोखंडाला चुंबक चिकटत नाही. मग फक्त धारेची बाजू, दोन बोटे खोल, पाण्यात किंवा तेलात. चर्र असा आवाज येतो आणि वाफ उसळते. पाठ अजून तापलेली असते. कारागीर धार दगडावर घासून चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागते, आणि चकचकीत पट्ट्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग धावत येतो. सुरीला पिवळ्यावर थांबवले तर चालते. कोयत्याला थोडे पुढे जाऊ द्यावे लागते, कारण त्याला गाठीवर आदळायचे असते. हवा तो रंग धारेला पोचला की पुन्हा बुडवायचे, खेळ संपला. दहा क्षण उशीर झाला तर धार मऊ, घाई केली तर तिचा तुकडा उडतो. स्प्रिंगचे पोलाद नुसत्या थंड पाण्यात झटकन विझवले तर तडकतेही, म्हणून बरेच जण तेल पसंत करतात. अशा तऱ्हेने एकाच पात्यात कठीण धार आणि लवचिक पाठ असे दोन स्वभाव नांदतात.

माडावरचे पाते : रेंदेराची काती हे गोव्यातल्या सगळ्या पात्यांत सर्वांत तीक्ष्ण. ‘रेंदेर’ हा शब्द मक्तेदार या अर्थाच्या पोर्तुगीज ‘रेंदेइरु’वरून आला. काती रुंद, चंद्रकोरीच्या वळणाची आणि कोयत्याच्या मानाने पातळ असते. तिला काही तोडायचे नसते, सोलायचे असते. माडाची न उमललेली पोय (फुलोरा) बांधून, हलकेच ठोकून तयार करतात आणि तिच्या टोकाचा कागदासारखा पातळ काप रोज काढतात. त्या ताज्या जखमेतून सूर मडक्यात ठिबकते. काप जाड गेला तर पोय लवकर संपते, धार बोथट असेल तर तंतू चेंगरून रस अडतो. म्हणून रेंदेर सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि मधल्या वेळी काप घ्यायला असा दिवसातून तीनदा माडावर जातो, आणि काती दुसऱ्याच्या हाती देत नाही. खोडावर पाय ठेवायला कोरलेले खाचे आजही जुन्या माडांवर दिसतात. सान्नांचे (इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाचे) पीठ फुगवणारी सूर, माडाची फेणी, शिर्का आणि माडाचा गूळ या सगळ्यांची सुरुवात या एका कापापासून होते. पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा, काती वापरत नाही. त्याला जाड देठाचे घोस आणि सुकी झावळे तोडायची असल्याने त्याचा कोयताच बरा.

रान आणि गुरे : सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांच्या डोंगराळ भागात धनगर-गवळी म्हशी पाळतात. उन्हाळ्यात गवत सुकले की झाडांचा पाला हाच चारा, आणि तो कोयत्याने उतरवावा लागतो. कुंपणाची काठी छाटणे, गोठ्याचा वासा तासणे, गळ्याशी आवळलेले दावे एका झटक्यात कापणे, वाटेतली काटेरी जाळी दूर करणे, ही कामे एकच पाते करते. अमेरिकेतल्या गुरे राखणाऱ्यांचा ‘स्टॉकमन’ हा घडीचा चाकू तीन पात्यांचा असतो, आणि त्यातले एक बोथट टोकाचे पाते मुळात गोऱ्हे खच्ची करण्यासाठी. आपल्याकडे ते काम गुरांचे डॉक्टर बर्डिझो चिमट्याने, कातडी न फाडता करतात. त्यामुळे गवळ्याच्या पात्याला त्या बाजूने घडण्याची गरजच पडली नाही.

कुळागरात पोफळीवर चढलेला माणूस शेंड्यावर झोका घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि सुपारीचे घड कोयत्याने उतरवतो. काजूच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे, बोंडू कापत नाहीत, खाली पडलेले वेचतात. तेव्हा कोयता फक्त झाडाखालचे रान साफ करायला निघतो.

घरात : आदोळी (सीमेपलीकडे मालवणीत आडाळो) म्हणजे लाकडी पाटावर उभे बसवलेले वाकडे पाते, टोकाला नारळ खवण्याची दातेरी चकती. इथे पाते स्थिर आणि भाजी-मासळी हलती. इसवणाचे (सुरमईचे) काप असोत की फणसाचे गरे, बसून दोन्ही हातांनी काम होते. फणस कापण्याआधी पात्याला आणि तळव्यांना खोबरेल चोळतात, नाहीतर चीक धारेवर असा बसतो की पुढचा तास तो खरवडण्यात जातो. कैरी आणि कोकम कापल्यावर पाते काळे पडते. ते खराब झाले असे समजून नवी सून कधी कधी ते राखेने घासत बसते, पण आंबटाने आलेली ती पातळ काळी पुटी निरुपद्रवी असते, फार तर तांबडा गंज थोडा रोखते.

निगा : पोलादाचे पाते गोव्याच्या पावसात एका रात्रीत गंजते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. म्हणून पुसून खोबरेलाचा हात फिरवणे आणि चुलीवरच्या माळ्याजवळ टांगणे हे उपाय. रोजची धार निसण्यावर (धार लावायच्या दगडावर). पण दोन-तीन वर्षांत धार पाठीच्या जाड भागापर्यंत झिजली की निसणे पुरत नाही, कोयता ‘शेवटायला’ न्यावा लागतो, म्हणजे पुन्हा तापवून, ठोकून धार पातळ करून पुन्हा पाणी द्यावे लागते. लोहारशाळेतला हा संवाद ठरलेला :

“मेस्ता, गेल्या पावसात घेतलेला हा कोयता लाकडात शिरत नाही रे.”

“शिरत नाही, की कुंपणाच्या दगडावर मारलास?”

अशा तीन-चार शेवटण्यांनंतर पाते बोटभर अरुंद होते. मग ते मूठ बदलून कोयती म्हणून घरात येते आणि शेवग्याच्या शेंगा तोडू लागते. पत्रा कापून केलेल्या कोयत्याला हे दुसरे आयुष्य मिळत नाही, कारण त्यात ठोकून काढण्याजोगे पोलादच नसते. विकत घेताना पाठीवर नखाने टिचकी मारून पाहावे. चांगल्या पात्याचा आवाज स्वच्छ येतो, चीर असेल तर बद्द. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही अशी घडीव हत्यारे जमिनीवर मांडून विकायला असतात. पावसाआधी नवी घ्यावीत, असा बागायतदारांचा रिवाज आहे. खंडेनवमीला ती धुऊन, हळद-कुंकू लावून पुजतात आणि त्या दिवशी कामाला लावत नाहीत.

कायदा : शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतकी, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली मात्र त्यातून वगळली आहेत, म्हणून बागेतला कोयता परवान्याविना चालतो. रानात मात्र नियम कडक होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूही येतो आणि कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात शस्त्रासह शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली घोषित झाली, आणि त्यांच्या हद्दीत जुनी गावे आहेत. तिथल्या माणसाला घराबाहेर पडताना कोयता लागतोच. पदभ्रमणाला येणाऱ्या पाहुण्याने मात्र तो गावातच ठेवून पुढे जावे.