निळी ट्यूब न उघडता आलेला निळा

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात उत्तरेकडे खिडकी असलेली खोली मिळाली, तर व्यक्तिचित्रासाठी ती सोडू नये. वर्षातला बराच काळ तिथे थेट ऊन येत नाही, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या आजींच्या गालावरची सावली पूर्ण बैठकभर जवळपास तशीच राहते. पॅलेटवर रंग चारच: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), शेंदरी लाल आणि आयव्हरी ब्लॅक. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ही चौकडी ओळखली जाते. त्यांनी दुसरे रंग कधी वापरलेच नाहीत, असं मात्र नाही.

चारांत निळा नाही. तरीही रंगवलेल्या पांढऱ्या केसांत निळसर झाक स्पष्ट दिसते. थोडं श्रेय काळ्याचं. हाडांच्या कोळशापासून बनणारा हा रंग पांढऱ्यात मिसळला, की करडा किंचित थंड होतो. उरलेलं काम आपली दृष्टी करते. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींकडून आलेले संदेश पुढच्या चेतापेशी एकमेकांशी ताडून पाहतात: लाल विरुद्ध हिरवा, पिवळा विरुद्ध निळा. म्हणून नारिंगी-पिवळ्या त्वचेशेजारचा करडा निळ्याकडे झुकतो. करड्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून त्यातून फक्त तो केसांचा भाग बघा. निळा बराचसा ओसरतो.

शेजारच्या रंगाचा हा परिणाम जुनाच. पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात काळी लोकर फिकी दिसते अशी तक्रार होती. रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी तपासलं, तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगांत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला.

त्वचेसाठी मात्र ऑकर आणि लाल पुरतात, कारण त्वचेतलं मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन मिळून गोऱ्यापासून काळ्यासावळ्यापर्यंत सगळ्यांची कांती नारिंगीच्या आसपासच ठेवतात. तपकिरी म्हणजे तरी काय, गडद नारिंगीच. मनगटावरच्या निळ्या शिरासुद्धा बघा. तिथून परतणाऱ्या प्रकाशात निळ्यापेक्षा तांबडाच जास्त असतो, फक्त बाजूच्या त्वचेपेक्षा कमी. आजींच्या हातावरच्या शिरा म्हणूनच करड्यानेच रंगवाव्यात. निळ्या रंगाने त्या उगाच उठून दिसतात.

लुगड्याचा काठ राणी रंगाचा असेल, तर ही चौकडी तोकडी पडते. लाल आणि काळ्यातून तो झळाळ निघत नाही, मॅजेंटाची ट्यूब घ्यावीच लागते. ती काठापुरती वापरली तरी शेजारचे करडे हिरवट वाटू लागतात आणि खांद्यावर उतरलेल्या बटा पुन्हा रंगवायला घ्याव्या लागतात.