रेस्टॉरंटचा बॉक्स घरी आल्यावर : उघडण्यापासून ताटापर्यंत

सबस्क्रिप्शनवर येणाऱ्या आमच्या बॉक्समधले सॉस, मुरवलेलं मांस, मळलेलं पीठ आणि चिरलेल्या भाज्या एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात तयार होतात. शेवटची वीस ते चाळीस मिनिटं तुमच्या शेगडीवर असतात. चवीचा पाया रेस्टॉरंटमध्ये घातला जातो. खरपूसपणा, कुरकुरीतपणा आणि नेमका गरमपणा मात्र घरीच आणावा लागतो. 'हॉटेलसारखं झालं नाही' असं वाटतं ते बहुतेक या शेवटच्या टप्प्यामुळे. म्हणून या पत्रकात सर्वात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पहिला बॉक्स कोणता घ्यावा

नवं रेस्टॉरंट पहिल्यांदा चाखताना मंद आचेवर बराच वेळ शिजलेला, रसदार पदार्थ असलेला बॉक्स घ्या. असे पदार्थ प्रवासात बिघडत नाहीत. मसाला आत मुरत जातो, त्यामुळे काही तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. तळलेले, पातळ आणि कुरकुरीत, किंवा फेसावर उभे असलेले पदार्थ ताटात आल्यापासून काही मिनिटांत उतरतात. ते आम्ही पाठवतच नाही, मग त्या रेस्टॉरंटचं नाव त्याच पदार्थावर झालेलं असलं तरी. ते तिथे जाऊनच खावेत.

दोघांचा बॉक्स चौघांना वाढवायचा विचार असेल तर थेट चौघांचाच मागवा. वरून भात किंवा ब्रेड वाढवता येतो, पण सॉस पाणी घालून वाढवला की मीठ, आंबटपणा आणि दाटपणा तिन्ही एकदम उतरतात.

दारात आल्याबरोबर

बॉक्स संध्याकाळी निवांत उघडू म्हणून बाजूला ठेवू नका. जंतू 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात झपाट्याने वाढतात, आणि अनुकूल उबेत त्यांतल्या काहींची संख्या वीसेक मिनिटांत दुप्पट होते. नाशवंत पदार्थ या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा.

आधी जेल पॅक बघा. ते थोडे मऊ झाले असतील तर घाबरू नका. आत बर्फाचा तुकडा शिल्लक आहे तोवर पॅक शून्याच्या आसपासच राहतो. एक किलो बर्फ नुसता वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितक्या उष्णतेत तेवढंच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. पॅक पूर्ण पातळ झाले असतील तर मात्र मोजून बघा. दोन पाकिटं एकमेकांवर दाबून त्यांच्यामध्ये थर्मामीटरचं टोक धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. पाकिटाला भोक पाडायची गरज नाही. 5 अंश किंवा त्याहून कमी असेल तर ठीक. त्याच्या वर असेल तर मासे, मांस आणि दुधाचे पदार्थ वापरू नका, थर्मामीटरसकट फोटो काढून आम्हाला पाठवा. हाताला गार लागतंय यावर विसंबू नका. 10 अंशांवरचं पाकीटही हाताला गारच लागतं.

मग पाकिटं बघा. निर्वात पाकीट आतल्या पदार्थाला घट्ट चिकटलेलं हवं. सॉसचं किंवा मांसाचं पाकीट फुगलेलं दिसलं तर न उघडता बाजूला ठेवा, कारण आत वायू तयार होतोय. पालेभाज्यांची पिशवी मात्र थोडी फुगलेलीच असते. पानं चेमटू नयेत आणि टिकावीत म्हणून तिच्यात मुद्दाम वायू भरतात. निर्वात पाकिटातलं लाल मांस काळपट जांभळं दिसतं ते हवा न मिळाल्यामुळे. उघडून पंधरा ते तीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं की रंग लाल होतो आणि कोंडलेला किंचित आंबूस वासही निघून जातो. वास गेलाच नाही किंवा मांस बुळबुळीत लागलं तर टाकून द्या.

काही बॉक्समध्ये ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू) असतो आणि तसं बाहेर ठळक लिहिलेलं असतं. तो उणे 78 अंशांवर असतो, उघड्या हाताने धरला तर त्वचा भाजल्यासारखी होते. खिडकी उघडा आणि तो तसाच उडून जाऊ द्या. बंद बरणीत, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नका.

काय कुठे, आणि आधी काय

कच्चं मांस आणि मासे सर्वात खालच्या कप्प्यात, ताटलीवर ठेवा, म्हणजे गळलं तरी बाकीच्यावर पडणार नाही. फ्रीजचं दार मात्र टाळा, तिथलं तापमान सतत वरखाली होतं. कोवळ्या हिरव्या पानांच्या जुड्या न धुता ओलसर कागदात गुंडाळा. धुऊन ठेवलेली पानं लवकर सडतात. बेसिल याला अपवाद आहे, थंडीने त्याची पानं काळी पडतात. ते पाण्याच्या पेल्यात बाहेरच ठेवा. टोमॅटोही बाहेर ठेवा, फ्रीजमध्ये त्याचा स्वाद मरतो. सफरचंद, केळी आणि पिकलेले टोमॅटो फळं पिकवणारा इथिलीन वायू सोडतात, म्हणून पालेभाज्या त्यांच्यापासून दूर असाव्यात.

ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका. शिळा ब्रेड कडक होतो तो मुख्यतः त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट जमल्यामुळे, आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सर्वात वेगाने होते. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये.

पाकिटावर दोन प्रकारच्या तारखा असतात. 'या तारखेपर्यंत वापरा' ही सुरक्षिततेची तारीख आहे, ती एक दिवसही ओलांडू नका. 'या तारखेपर्यंत उत्तम' ही चवीची तारीख. तिच्यानंतर मसाला थोडा फिका लागेल, एवढंच. बॉक्समध्ये तीन पदार्थ असतील तर माशाचा पहिल्या दिवशी, पालेभाजीचा दुसऱ्या दिवशी आणि कंदमुळांचा किंवा शिजवून पाठवलेल्या मांसाचा शेवटी करा.

गोठवलेली पाकिटं

अर्ध्या किलोचं चपटं पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभरात सुटं होतं. घाई असेल तर पाकीटबंदच गार पाण्यात बुडवा आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदला. तासाभरात काम होतं, पण मग लगेच शिजवायला हवं. ओट्यावर ठेवून सुटं करू नका, कारण आत बर्फ असतानाच बाहेरचा थर धोक्याच्या पट्ट्यात जातो.

निर्वात पाकिटातला गोठवलेला मासा फ्रीजमध्ये सुटा करण्याआधी पाकीट कापून उघडा. ही सूचना लेबलवर आहेच, तरी इथे मुद्दाम लिहितोय. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तयार करणाऱ्या जंतूचे काही प्रकार हवेशिवाय, 3 अंशांच्या थोड्या वरही वाढू शकतात. पाकिटात हवा शिरली की त्यांना हवी असलेली परिस्थिती उरत नाही. या विषाचा वास येत नाही, त्यामुळे हुंगून काही कळणार नाही.

शेगडीवरची शेवटची वीस मिनिटं

सुरुवातीला बॉक्समधलं कृतीचं कार्ड एकदा शेवटपर्यंत वाचा आणि पाकिटं वापरायच्या क्रमाने मांडा. काही पाकिटं शिजवताना लागतात, काही वाढताना, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शेवटी घालायचं आंबट पाकीट आधीच उकळलं तर त्याचा ताजेपणा जातो आणि पदार्थ सपाट लागतो.

सॉसचं पाकीट 80 ते 85 अंशांच्या पाण्यात गरम करा. पाण्यातून वाफ निघते, तळाशी बारीक बुडबुडे दिसतात, पण खळखळ उकळत नाही, ती ही अवस्था. 300 ग्रॅमच्या पाकिटाला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. कार्डावर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर आतलं तापमान 75 अंशांपर्यंत गेलं पाहिजे. अंड्याच्या बलकाचे आणि लोण्याचे सॉस याला अपवाद आहेत. ते 65 ते 70 अंशांच्या पुढे फाटायला लागतात, म्हणून ते कोमट पाण्यात सैल करून लगेच वाढायचे असतात. सॉस फाटलाच, म्हणजे तूप आणि पाणी वेगळं दिसू लागलं, तर आच बंद करा. चमचाभर गरम पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात फाटलेला सॉस थोडा थोडा घालत फेटा. बहुतेक वेळा तो पुन्हा जुळतो. अंड्याच्या गुठळ्या झाल्या असतील तर मात्र गाळण्यापलीकडे उपाय नाही.

खरपूस रंग यायचा तर पृष्ठभाग कोरडा हवा. ओलावा आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहतं, आणि तांबूस रंग व भाजल्याचा वास साधारण 140 अंशांच्या पुढे जोमाने यायला लागतो. म्हणून मांस, मासा किंवा पनीर कागदाने दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. जड बुडाचं पॅन आधी तीन मिनिटं तापवा, तेल घाला, मगच तुकडे सोडा. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर हवं. रेस्टॉरंटचा बर्नर घरच्या शेगडीच्या कितीतरी पट उष्णता देतो. तिथे पॅन भरून टाकलेलं चालतं. घरी तेच केलं तर पॅन थंड पडतं, पाणी सुटतं आणि पदार्थ भाजण्याऐवजी उकडतो. दोन घाण्यांत करा. चार मिनिटं जास्त जातील, पण या पत्रकातला कोणताही एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळा.

चौघांसाठी करताना वेळ दुप्पट करू नका. रस आटायचा वेग पॅनच्या पसरटपणावर ठरतो. पॅन मोठं घेतलं तर वेळ जवळपास तेवढाच लागतो, लहान घेतलं तर बराच जास्त. घड्याळापेक्षा दाटपणा बघा: चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती भरून आली नाही की झालं.

कुरकुरीत व्हायचे पदार्थ मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. त्यात आतलं पाणी तापतं आणि ती वाफ वरच्या कवचातून बाहेर पडताना ते मऊ करते. ओव्हन 200 अंशांवर पूर्ण तापवून जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. बटाट्याचे काप आमच्याकडून एकदा मंद तळून येतात; ते 180 ते 190 अंशांच्या तेलात थोडे थोडे सोडून दोन-तीन मिनिटं तळा. ब्रेडवर पाण्याचा हलका हबका मारून पाच मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला की तो पुन्हा मऊ होतो.

मीठ सगळ्यात शेवटी, वाढायच्या गरमपणावर चाखून घाला. सॉस आटताना आतलं मीठ तेवढंच राहतं आणि पाणी कमी होतं, म्हणून आधी बरोबर लागलेलं नंतर खारट होतं.

ऍलर्जी असेल तर

आमच्याकडे दर वेळी स्वयंपाकघर बदलतं, त्यामुळे मागचा बॉक्स चालला म्हणून हाही चालेल असं धरू नका. जाहीर करायच्या पदार्थांची यादी देशागणिक वेगळी असते: युरोपियन युनियनमध्ये 14, अमेरिकेत 9, आणि त्यातला तीळ 2023 पासून आला. आमच्या कार्डावर आम्ही मोठी, 14 पदार्थांची यादी वापरतो. 'अंश असू शकतो' याचा अर्थ तो पदार्थ त्याच ओट्यावर किंवा त्याच तेलात हाताळला गेला आहे. ऍलर्जी तीव्र असेल तर असा बॉक्स घेऊ नका. आम्ही तो एका घटकाशिवाय करून देऊ शकत नाही, कारण पाकिटं तिकडेच सीलबंद होतात.

उरलं तर

दोन तासांच्या आत उथळ डब्यात, पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थर करून फ्रीजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात मधला भाग तासन् तास कोमट राहतो. भाताची जास्त काळजी घ्या. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, आणि भात बाहेर राहिला तर त्याचं एक विष तयार होतं जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. गार पाण्यात पाकीटबंद सुटा केलेला पदार्थ कच्चाच पुन्हा गोठवू नका. शिजवून गोठवता येतो.

बॉक्सवरून रेस्टॉरंट कितपत कळतं

सॉस गरम झाल्यावर काहीही मिसळण्याआधी अर्धा चमचा नुसता चाखा. मीठ, आंबटपणा आणि मसाल्याचा तोल, रस किती वेळ उकळला असेल, हे सगळं त्यात कळतं, आणि त्यावरून स्वयंपाकघराबद्दल मत बनवायला हरकत नाही. तळणीचा हात, भाजणीचा धूर, वाढण्याचा वेग यांबद्दल मात्र बॉक्स काहीच सांगत नाही. म्हणून सॉस आवडला तर जाऊन तिथे घरी न करता येणारं मागवा: निखाऱ्यावरचं, तळलेलं, आयत्या वेळी केलेलं. सॉसच आवडला नसेल तर बाकीचं आवडण्याची शक्यता आमच्या मते कमी आहे.

थांबवणं, बदलणं, तक्रार

बॉक्स वगळायचा किंवा पत्ता बदलायचा असेल तर पाठवण्याच्या दिवसाच्या पाच दिवस आधी कळवा. त्यानंतर रेस्टॉरंटची खरेदी झालेली असते आणि मोजलेली पाकिटं परत घेता येत नाहीत. प्रवासाला जाणार असाल तर सबस्क्रिप्शन बंद न करता तारीख टाकून थांबवा, म्हणजे तुमच्या ऍलर्जी आणि आवडीच्या नोंदी तशाच राहतात.

जेल पॅक धुऊन पुन्हा गोठवता येतात. फाटला तर आतलं जेल कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये ओतू नका. ते पाण्याने फुगून नळी तुंबवतं. तक्रारीसाठी बॉक्स आल्याच्या दिवशीच पाकिटाचा, त्यावरच्या लॉट क्रमांकाचा आणि थर्मामीटरचा फोटो पाठवा. लॉट क्रमांक कळला की त्याच स्वयंपाकघरातून त्या दिवशी निघालेली बाकीची पाकिटं आम्हाला लगेच थांबवता येतात.