किलोवॅट आणि किलोवॅट-तास: एका ‘तासा’चा फरक

“अहो, जरा विचारू का?” शेजारच्या चार्जरवर गाडी लावलेले काका जवळ आले. गाडी नवी होती आणि चेहऱ्यावर काळजी दिसत होती. “माझी बॅटरी ६० ची. हा चार्जर १५० चा. म्हणजे चोवीस मिनिटांत गाडी फुल व्हायला हवी ना? पस्तीस मिनिटं झाली, अजून ७८ टक्केच. चार्जर बिघडलाय वाटतं.”

मी त्यांच्यासोबत चार्जरचा स्क्रीन पाहिला. त्यावर तीन आकडे होते: ७८ टक्के, ३१ किलोवॅट, ३६.४ किलोवॅट-तास. शेवटचे दोन आकडे एकाखाली एक, त्याच रंगात, त्याच टाइपात. इंग्रजी लघुरूपात त्या दोन एककांत फक्त शेवटच्या एका अक्षराचा फरक असतो आणि स्क्रीन बनवणाऱ्यांनी ते अक्षर सगळ्यांत बारीक छापलेलं होतं. चार्जर धडधाकट होता, काकांचा भागाकारही बरोबर होता. १५० हा आकडा आपल्याला नेमकं काय सांगतो, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची या दोन एककांत एकदा तरी गल्लत होते, आणि मला यात आपल्या ‘क्षमता’ या शब्दाचाही दोष दिसतो. बॅटरीची क्षमता ६०, मोटरची क्षमता १००, चार्जरची क्षमता १५०. एकच शब्द तीन ठिकाणी वापरला की तिन्ही आकडे एकाच जातीचे वाटू लागतात. प्रत्यक्षात बॅटरीचा आकडा ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर आहे आणि मोटरचा व चार्जरचा ‘किती झपाट्याने’ या प्रश्नाचं. शाळेच्या पुस्तकात यांना ऊर्जा आणि शक्ती अशी स्वच्छ वेगळी नावं आहेत. पण बोलताना आपण ‘शक्ती’ इतक्या अर्थांनी वापरतो की तो शब्दही फारसा उपयोगी पडत नाही.

किलोवॅट-तास ही ऊर्जा. लाइट बिलावर ज्याला आपण युनिट म्हणतो, तेच हे. काकांची बॅटरी ६० युनिटची, असं म्हटलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. किलोवॅट म्हणजे ही ऊर्जा ज्या दराने येते किंवा जाते तो दर.

मग दराच्या नावात ‘तास’ का नाही आणि साठ्याच्या नावात का आहे? खरी मेख इथे आहे. आपल्याला वेग आणि अंतराची सवय असते. अंतर किलोमीटरमध्ये आणि वेग तासाला इतके किलोमीटर, म्हणजे तास दिसला की तो दर. विजेत हे बरोबर उलटं झालंय. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. ‘सेकंदाला’ हा भाग वॅट या नावाच्या पोटात आधीच गेलेला आहे. जहाजांच्या वेगासाठी वापरतात तो ‘नॉट’ आठवा. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. तासभर एका नॉटने गेलेल्या अंतराला कोणी ‘नॉट-तास’ म्हटलं असतं, तर तिथेही असाच घोळ झाला असता. किलोवॅट-तास हा अगदी तसाच शब्द आहे: एक किलोवॅट दराने तासभरात जेवढी ऊर्जा वाहते तेवढी. तिथे गुणाकार आहे. म्हणून बातम्यांत आणि जाहिरातींत दिसणारं ‘किलोवॅट प्रति तास’ वाचलं की मला थांबून दुरुस्त करावंसं वाटतं, कारण त्यात भागाकार आहे आणि गाडीच्या खरेदीदाराला त्याचा काहीच अर्थ लावता येत नाही.

दोन्ही आकडे एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, हे पाहायला एक छोटा हिशेब करू. दीड टन वजनाची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरपर्यंत नेली, तर तिच्यात साठणारी गतिज ऊर्जा भरते जेमतेम ०.१६ युनिट. साठ युनिटच्या बॅटरीत हे काहीच नाही. पण तेच काम आठ सेकंदांत उरकायचं म्हटलं, तर त्या आठ सेकंदांत सरासरी ७२ किलोवॅट लागतात, आणि घर्षण व हवेचा विरोध धरला तर आणखी. सोळा सेकंद घेतले तर दर निम्म्यावर येतो, ऊर्जा मात्र तीच. जोरात पळणाऱ्या गाडीला मोठी बॅटरी लागते असं अनेकांना वाटतं. तिला मोठा दर पेलणारी बॅटरी लागते, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, गाड्यांत सापडतं. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये मोटर ५० किलोवॅटची आणि बॅटरी फक्त १.३ युनिटची. सिग्नलवरून सुटताना इंजिनाला काही सेकंद हातभार लावायचा, ब्रेक दाबला की ऊर्जा परत घ्यायची, एवढंच तिचं काम. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या निस्सान लीफमध्ये मोटर ८० किलोवॅटची, म्हणजे प्रियसच्या दीडपटीच्या आसपास, पण बॅटरी २४ युनिटची, म्हणजे अठरापट. दोन्ही गाड्यांत वीज आणि मोटर आहे, पण एकीला झपाटा हवा होता आणि दुसरीला साठा. बॅटरीचे सेल बनवतानाच हा निर्णय घ्यावा लागतो. इलेक्ट्रोडचा, म्हणजे सेलमधल्या आयन साठवणाऱ्या पट्टीचा, लेप पातळ ठेवला तर आयनांना (विद्युतभार असलेल्या कणांना) कमी अंतर कापावं लागतं आणि सेल मोठा दर देतो. लेप जाड केला तर त्याच जागेत ऊर्जा जास्त मावते, पण ती बाहेर यायला वेळ लागतो.

नावांनीही गोंधळ वाढवलाय. टेस्लाने मॉडेल एस आणली तेव्हा नावापुढचा ८५ हा आकडा बॅटरीतल्या युनिटचा होता. बीएमडब्ल्यूने आय-थ्रीच्या नावापुढे ६०, ९४, १२० असे आकडे लावले, आणि ते होते अँपिअर-तास, म्हणजे प्रवाह गुणिले वेळ; त्याला व्होल्टने गुणल्यावरच ऊर्जा कळते. १२० च्या आय-थ्रीत प्रत्यक्षात ४२ युनिटच्या आसपास बॅटरी होती. आकडा कसला आहे हे विचारल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करू नये, हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

आता काकांच्या चार्जरकडे. चार्जरवर लिहिलेले १५० किलोवॅट म्हणजे त्याची कमाल. तो त्याहून जास्त देणार नाही, इतकंच. किती घ्यायचं हे गाडी ठरवते. गाडीतली बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा दर क्षणाला चार्जरला कळवते की आत्ता इतका प्रवाह चालेल, आणि चार्जर तेवढाच सोडतो. काकांच्या गाडीची कमाल होती १०० किलोवॅट. म्हणजे १५० चा चार्जर असो की ३५० चा, त्यांना १०० च्या वर काही मिळणार नव्हतं.

आणि ते १०० सुद्धा काही मिनिटांपुरतेच. बॅटरी रिकामी असताना लिथियमचे आयन ऋण इलेक्ट्रोडमधल्या ग्राफाइटच्या थरांत सहज शिरतात, म्हणून सुरुवातीला दर चढा असतो. जागा भरत जाते तसं आत शिरणं अवघड होतं. तरीही रेटा तोच ठेवला, तर लिथियम थरांच्या आत जाण्याऐवजी पृष्ठभागावरच धातू होऊन बसतो. बॅटरीचं हे कायमचं नुकसान असतं, आणि ते वाढत गेलं तर आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोकाही असतो. म्हणून गाडी स्वतःच दर उतरवत आणते. ८० टक्क्यांच्या पुढे तर तो इतका खाली येतो की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागू शकतो. काकांच्या स्क्रीनवरचे ३१ किलोवॅट हा बिघाड नव्हता, ती त्यांच्या बॅटरीची काळजी होती. ३६.४ युनिट पस्तीस मिनिटांत, म्हणजे सरासरी ६२ किलोवॅट. शंभरची कमाल असलेल्या गाडीसाठी हे चांगलंच म्हणायला हवं.

थंडीत हेच आणखी ठळक दिसतं. सेल गार असले की आयनांची हालचाल मंदावते, आणि त्याच चार्जरवर तीच गाडी निम्मा दरही घेत नाही. म्हणून आता बऱ्याच गाड्या चार्जरकडे निघाल्यावर वाटेतच बॅटरी तापवून ठेवतात. त्यासाठी थोडी ऊर्जा खर्च होते, पण चार्जरवरचा बराच वेळ वाचतो.

घरच्या चार्जिंगची अडचण निराळी. भिंतीवरच्या पेटीतून एसी (दिशा बदलत राहणारी) वीज येते, आणि तिचं बॅटरीला लागणारं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. तो ७.४ किलोवॅटचा असेल, तर २२ किलोवॅटच्या चार्जिंग खांबाला लावूनही ७.४ च मिळणार. ७.४ हा आकडा २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअर यांच्या गुणाकारातून येतो. नुसत्या १५ अँपिअरच्या प्लगवर साडेतीनच्या आतच राहावं लागतं. साठ युनिटची बॅटरी त्यावर पूर्ण भरायला अठरा-वीस तास लागतील. पण रोज पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला आठ-नऊ युनिटच लागतात आणि ती तीन तासांत भरतात. घरी मोठा चार्जर बसवण्याआधी हा हिशेब करून बघावा.

व्होल्ट आणि अँपिअरचा हाच गुणाकार ८०० व्होल्टच्या नव्या गाड्यांमागे आहे. जाड केबलमधून ५०० अँपिअर गेले, तर ४०० व्होल्टला २०० किलोवॅट होतात, ८०० व्होल्टला ४००. केबल तेवढीच तापते, दर दुप्पट. बॅटरीतला साठा यातून एका युनिटनेही वाढत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

गाडी चालवतानाही दोन्ही आकडे समोर असतात, आणि तिथे एक फसवा योगायोग आहे. समजा सरळ रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरला गाडी १६ किलोवॅट घेतेय. एका तासात १०० किलोमीटर आणि १६ युनिट, म्हणजे शंभर किलोमीटरला १६ युनिट. आकडा तोच, म्हणून दोन्ही एकच आहेत असं वाटतं. वेग बदलला की ते फुटतात. ताशी १२० ला हवेच्या विरोधासाठी लागणारा दर सुमारे १.७३ पट होतो, कारण तो वेगाच्या घनाने वाढतो. दर किलोमीटरचा खर्च वर्गाने वाढतो, म्हणून १.४४ पट. पल्ला किती घटेल हे दुसरा आकडा सांगतो. उलट टोकाला, गाडी कोंडीत उभी आहे आणि हीटर २ किलोवॅट घेतोय. दर क्षुल्लक वाटतो, पण पाच तासांत दहा युनिट जातात आणि अंतर शून्य.

पेट्रोलच्या गाडीत या दोन गोष्टी वेगळ्या करायची गरजच पडली नाही, कारण पंपाचा दर अफाट आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. मिनिटाला ३५ लिटर सोडणारा पंप या हिशेबाने १९ हजार किलोवॅटच्या आसपास जातो. त्यातला मोठा वाटा इंजिन उष्णतेत घालवतं, म्हणून ४० लिटरच्या टाकीतल्या ३६० युनिटवर गाडी ६० युनिटच्या बॅटरीच्या सहापट जात नाही, दुपटीच्या आतच राहते. पण टाकी भरायला किती वेळ लागेल, हा प्रश्न कधी कोणाच्या मनात आला नाही. तो प्रश्न इलेक्ट्रिक गाडीने आणला.

आता गाडीतून वीज बाहेर काढायची सोय येते आहे, आणि तिथे ही गल्लत घरात शिरणार आहे. ह्युंदाईच्या आयोनिक फाइव्हसारख्या गाड्या ३.६ किलोवॅटपर्यंत बाहेर देतात. काकांनी निघता निघता तेच विचारलं: “घरची लाइट गेली तर ही गाडी किती दिवस पुरेल?” त्यांचं घर रोज आठ युनिट खातं. भरलेल्या बॅटरीवर, थोडी शिल्लक ठेवून, पाच-सहा दिवस निघतील. फ्रिज, पंखे, दिवे हे सगळं मिळून एका किलोवॅटच्या आत राहतं. पण ३ किलोवॅटचा गिझर आणि २ किलोवॅटची इंडक्शन शेगडी एकदम लावली, तर बॅटरीत पन्नास युनिट शिल्लक असतानाही गाडी वीज तोडेल. आधी आंघोळ उरकून मग चहा ठेवला, तर चालेल.