मालिका वेगळी, सिंक्रॉनिसिटी वेगळी

घड्याळाकडे पाहावं तर नेमके ११:११ वाजलेले. लगेच कुणीतरी म्हणतं, "ही सिंक्रॉनिसिटी!" योगायोगांवरच्या लोकप्रिय पुस्तकांतही हा शब्द बरेचदा असाच सरसकट वापरतात. हा विषय नव्याने वाचायला घेणाऱ्याने आधी दोन गोष्टींची गल्लत सोडवावी, असं मला मनापासून वाटतं. एक पॉल कामररची मालिका, म्हणजे सारख्या गोष्टी लागोपाठ येणं, आणि दुसरी स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगची सिंक्रॉनिसिटी, म्हणजे अर्थपूर्ण योगायोग.

कामरर व्हिएन्नाचा जीवशास्त्रज्ञ. बागेत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजदाद करायचा: टोपीवाले किती, हातात पुडकं असलेले किती. 'मालिकेचा नियम' अशा अर्थाच्या नावाचं त्याचं जर्मन पुस्तक १९१९ साली आलं. त्यात शंभर योगायोग आहेत. त्यांतला एक त्याच्या मेहुण्याचा. नोव्हेंबर १९१० मध्ये तो एका मैफलीला गेला. खुर्चीचा क्रमांक ९, आणि कोट ठेवल्यावर मिळालेल्या बिल्ल्याचाही ९. दुसऱ्या दिवशी पुन्हा मैफल, आणि दोन्हीकडे २१! इथे मेहुण्याच्या मनात काय चाललं होतं, याचा संबंधच येत नाही. आकडे शेजारी मांडले की तिऱ्हाइतालाही जुळणी दिसते.

युंगची गोष्ट अशी तिऱ्हाइताला दिसत नाही. त्याच्याकडे उपचार घेणारी एक बाई होती. प्रत्येक गोष्ट तर्कावर घासून पाहणारी, त्यामुळे उपचार अडून बसलेले. स्वप्नात कुणीतरी आपल्याला सोन्याचा स्कॅरॅब, म्हणजे इजिप्शियन पवित्र भुंगेरा, दिला असं ती सांगत होती. तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. युंगने खिडकी उघडून आत आलेला कीटक पकडला, तर तो सोनेरी-हिरवट भुंगेरा. स्वप्न वजा केलं, तर काचेवर आपटणारा एक किडा उरतो. त्या बाईच्या आतलं काही आणि बाहेरचं काही अर्थाने जुळलं, कारणाने नव्हे. याला युंग सिंक्रॉनिसिटी म्हणतो. (आपली 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' ही म्हण वेगळीच सावधगिरी शिकवते: जिथे कारण नाही तिथे कारण चिकटवू नका.)

युंगने १९५२ च्या आपल्या निबंधात कामररची उदाहरणं बाजूला ठेवली. ती निव्वळ संभाव्यतेत बसतात, असं त्याचं मत. मला ते पटतं. मालिका मोजता येते, म्हणून गणित तिला गाठतं. एका खोलीत २३ माणसं जमली, तर त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ११:११ ही बहुतेक वेळा मालिकाच.

पण युंगलाही मोजायचा मोह आवरला नाही. विवाहित जोडप्यांच्या कुंडल्यांत ठरावीक ग्रहयोग किती वेळा जुळतात, हे त्याने मोजलं. पहिली तुकडी १८० जोडप्यांची होती, आणि तिचे आकडे उत्साह वाढवणारे. पुढच्या तुकड्या मिळवत एकूण ४८३ जोडपी झाली, तेव्हा ते विरून गेले.

वाचायला सुरुवात करायची तर लेखक आर्थर कोस्लरचं १९७२ चं 'द रूट्स ऑफ कोइन्सिडन्स' घ्यावं. छोटं आहे आणि त्यात दोघंही भेटतात. कोस्लर कामररकडे जरा जास्तच झुकतो, एवढं लक्षात ठेवावं. मग युंगचा मूळ निबंध. त्यात १ एप्रिल १९४९ पासूनची माशांची नोंद सापडेल: जेवणात मासा, रुग्णाने दाखवलेल्या चित्रांत मासे, स्वप्नात मासा. ती लिहून तो तळ्याकाठच्या भिंतीपाशी गेला, तर तिथे फूटभर लांबीचा मेलेला मासा पडलेला होता.